लिंगाणा, गाइड आणि उंचीला घाबरणारी मैत्रीण

कातळफूल

घाबरणाऱ्या माणसाला सोबत घेऊन लिंगाणा करावा का, हा प्रश्न या फोरमवर दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच. उत्तरं दोनच येतात. "बिनधास्त जा, काही होत नाही" नाहीतर "भीती वाटते तर जाताच कशाला". जानेवारीत मी आणि माझी मैत्रीण वैशाली गाइडसोबत जाऊन आलो, आणि मला ही दोन्ही उत्तरं अजिबात पटत नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. लिंगाणा म्हणजे रायगडाच्या पूर्वेला, घाटमाथ्यापासून एका खिंडीने सुटा झालेला सुळका. उंची २९६९ फूट. पण नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही, कारण मोहरीच्या पठारावरून आधी बोराट्याच्या नाळेत (कड्यामधल्या अरुंद घळीत) उतरायचं आणि मग खिंडीतून जवळजवळ हजार फूट कातळ, घसारा (सुटी माती-दगड) आणि वाळलेलं गवत चढायचं. शिवकाळात इथे कैदी ठेवत. अर्ध्या वाटेवर खोदीव गुहा आहे, पाण्याची टाकी आहेत. जुन्या पायऱ्या मात्र जवळपास नाहीशा झाल्यात, त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्यांनी दोराशिवाय तिकडे जायचं नाही.

वैशाली चालायला दणकट आहे. तोरणा, राजगड तिला कधी जड गेले नाहीत. पण बाजूला दरी उघडी पडली की ती गप्प होते. राजगडाच्या सुवेळा माचीच्या नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) आम्ही सगळे चढलो तेव्हा ती खालीच बसून राहिली होती. तरी लिंगाण्याचा विषय तिनेच काढला. रायगडावर जगदीश्वराच्या मागच्या बाजूने तो दिसतो ना, तिथे उभी राहून म्हणाली, "मला तिथे जायचंय. पण मला कुणी ढकलायचं नाही." तिची ही अट मी शब्दशः गाइडला सांगितली.

बरेच फोन केले. बहुतेकांनी पैसे, गाडी कुठून सुटणार आणि नाश्त्याला काय, एवढंच सांगितलं. एकाने मात्र उलट मलाच विचारलं, "घाबरतं कोण? कशाला घाबरतात? चढताना की उतरताना?" लिंगाण्याच्या आधी एक सकाळ दोघींना कातळावर बघायचंय, ही त्याची अट होती. शहराजवळच्या एका छोट्या कातळावर त्याने वैशालीला हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) घातलं आणि जमिनीपासून चार-पाच फुटांवर दोराला नुसतं लटकवलं. "हात सोडा. आता पाय सोडा. बसा आरामात." मग म्हणाला, "आता समजा माझा हात सुटला," आणि खरंच त्याने दोरावरचा हात काढला. मागे बांधलेली प्रुसिकची गाठ (ओढ बसली की मुख्य दोराला घट्ट धरणारी) आवळली आणि वैशाली होती तिथेच राहिली. तिने त्याला ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग गाठ स्वतः बांधून बघितली. सिमेंटच्या भिंतीवर, मॉलमधल्या क्लाइंबिंगवर हे कुणी दाखवत नाही. तिथे आपण दोरावर भरवसा ठेवतो, पण कशाच्या भरवशावर लटकलोय ते माहीत नसतं.

आम्ही चौघं पाहुणे होतो आणि तीन गाइड. वार मुद्दाम आडवा निवडला. आदल्या रात्री मोहरीत मुक्काम, मावशींच्या घरी पिठलं आणि तांदळाची भाकरी, आणि पहाटे अंधारातच निघालो. नाळ म्हणजे निव्वळ मोठमोठे धोंडे. हेडलॅम्पच्या उजेडात पुढचा धोंडा तेवढा दिसत होता, दरी दिसतच नव्हती, त्यामुळे वैशालीला नाळ अवघड गेली नाही.

उजाडलं ते नेमकं नाळ सोडून आडवं जायच्या जागी. तिथे कड्याच्या पोटातून खिंडीकडे सरकायचं असतं. वाट पाऊलभर, खाली सगळं मोकळं. वैशाली थांबली. आमच्या पुढच्या गाइडने, त्याला आपण दादा म्हणू, तिला धीर वगैरे काही दिला नाही. काम दिलं. कमरेला दोन स्लिंग (पट्ट्या), दोन्हींना कॅराबिनर (उघडमीट होणारी कडी). प्रत्येक अँकरपाशी (कातळात पक्क्या केलेल्या आधारापाशी) आधी पुढची अडकवायची, मोठ्याने "लागली" म्हणायचं, मग मागची काढायची आणि "काढली" म्हणायचं. तिच्या "लागली" ला त्याने "बघितली" म्हटल्याशिवाय मागची काढायची नाही. सगळा आडवा टप्पा आम्ही तिचा आवाज ऐकत पार केला. लागली. बघितली. काढली. पहिल्या अँकरला तो आवाज फाटका होता, शेवटच्या अँकरला नेहमीसारखा.

खिंडीच्या वरच्या पहिल्या कातळटप्प्यात तिचा उजवा पाय लटपटायला लागला. ज्यांना हे झालंय त्यांना माहीत आहे, थांबवू म्हटलं तर आणखी जोरात होतं. दादा वरून एवढंच म्हणाला, "ताई, टाच खाली सोडा." ती चवड्यावर उभी होती, सगळा भार पिंढरीवर. टाच खाली आली आणि दोन श्वासांत पाय थांबला. भीती गेली नव्हती, पण पाय थांबला आणि पुढची खोबण दिसली.

गुहेपाशी पोचलो. पाणी, चिक्की, संत्रं. दादाने तिला "जमेल ना?" असं विचारलंच नाही. "इथून वर अजून टप्पे आहेत, आतापर्यंत झाले त्यांच्याहून उघडे. इथे थांबलात तर माझा एक माणूस तुमच्याबरोबर थांबेल आणि तुम्हाला हवं तेव्हा खाली घेऊन जाईल. बाकीचे तिघं माझ्यासोबत वर जातील. घाई नाही, पाणी पिऊन सांगा." तिने पाणी प्यायलं, वर बघितलं, आणि म्हणाली, "मी इथे थांबते."

मी माथ्यावर जाऊन आले. पश्चिमेला रायगड अख्खा पसरलेला, मागे तोरणा-राजगड. परत गुहेत आले तेव्हा ती आणि तिच्यासोबतचा गाइड टाक्याजवळ बसून गाठी बांधत होते. पुढे सगळं रॅपलिंग करत, म्हणजे दोरावरून उतरत, खिंडीत, आणि उन्हाच्या तडाख्यात नाळेची चढण. ती चढण सगळ्यांचाच दम काढते.

मला सांगायचंय ते एवढंच. त्या दिवशी तो तिसरा गाइड नसता तर वैशालीला तिथे थांबायची मोकळीक मिळाली नसती. एक तर तिला ओढत वर न्यावं लागलं असतं, नाहीतर गुहेत एकटी बसवावं लागलं असतं, नाहीतर सगळ्यांना परत फिरावं लागलं असतं. पुढे जायचं की थांबायचं हे तिला ठरवता आलं ते तिसरा माणूस होता म्हणून. गाइड नक्की किती, आणि मधूनच कुणी फिरलं तर सोबत कोण येणार, हे पैसे भरायच्या आधी विचारा.

---

सह्यभुंगा

फार छान आणि उपयोगी लिहिलंय. वाचनखूण साठवली. "लागली, बघितली, काढली" हे आमच्या ग्रुपमध्ये सुरू करणार. एक विचारायचं होतं, चढताना प्रत्येकाला वरून वेगळा बिले (दुसऱ्याने सांभाळून धरलेला सुरक्षेचा दोर) होता की एकच दोर फिक्स करून सगळे त्याला धरून चढले?

---

कातळफूल

प्रत्येकाला वरून बिले. दादा आधी चढून अँकर लावायचा, मग एकेक जण. दोघं एका वेळी एका दोरावर कधीच नव्हते. वेळ लागतो, पण चौघंच असल्यामुळे खोळंबा झाला नाही.

---

भोरकर_आबा

लेख चांगला आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. मी एका रविवारी लिंगाण्याला होतो. तीन ग्रुप एकामागोमाग. पहिल्याच टप्प्यात एक मुलगा मधोमध थिजला. ना वर जाईना, ना खाली येईना. त्याच्या खाली आम्ही पंधरा-वीस जण घसाऱ्यावर उभे, आणि वरून पायांनी सुटलेले दगड येत होते. "दगड!" असं ओरडून डोकं कड्याला चिकटवायचं, एवढंच हातात होतं. माझ्या शेजारच्या माणसाच्या हेल्मेटवर एक बसलाही.

तुमची मैत्रीण समजूतदार होती, तुम्ही चौघं होतात, वार आडवा होता. बहुतेक लोक शनिवार-रविवारी पन्नासच्या बसमधून जातात. तिथे एकाची भीती बाकीच्यांच्या जिवावर येते. अशा माणसाने आधी वर्षभर सोप्या जागा कराव्यात, हे माझं स्पष्ट मत आहे.

---

कातळफूल

आबा, रविवारच्या गर्दीबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्या मुलाच्या खाली पंधरा-वीस माणसं घसाऱ्यावर उभी का होती? ती त्याच्या भीतीमुळे नव्हती. वरचा टप्पा मोकळा व्हायच्या आत कुणीतरी त्यांना तिथे सोडलं होतं म्हणून होती. थिजायला एखादा दणकट माणूसही थिजतो, पायात गोळा आला तरी तसाच अडकतो. आडोशाला थांबवून एकेकाला सोडलं असतं तर तो मुलगा थिजूनही कुणाला दगड लागला नसता.

---

दोरखंड

मी कातळावर लोकांना घेऊन जायचं काम करतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

आबांनी जे पाहिलं ते खरं आहे आणि दर हंगामात होतं. पण माझा अनुभव असा की जो आधीच "मला भीती वाटते" म्हणतो तो क्वचितच थिजतो. थिजतो तो न सांगणारा. मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून हसत हसत आलेला, सकाळपासून काही न खाल्लेला. सांगणाऱ्याला आम्ही नीट ठेवू शकतो. मी अशा माणसाला रांगेत दुसरा घेतो. पहिला कसा चढला ते त्याला दिसतं, आणि वरचा गाइड त्याच्याशी बोलू शकतो. शेवटी ठेवलं तर बाकी सगळे चढेपर्यंत तो अर्धा-पाऊण तास खाली उभा राहून दरी बघतो. त्या वेळात भीती दुप्पट होते.

फिक्स दोराचं सह्यभुंगा यांनी विचारलं ते फार महत्त्वाचं आहे. वरून एक दोर सोडायचा आणि माणसांनी तो हाताने धरून चढायचं, हा प्रकार मी अजूनही बघतो. त्याला सुरक्षा म्हणत नाहीत. हात सुटला की संपलं. फिक्स दोर असला तर त्यावर जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी पकड) किंवा प्रुसिक हवं, जे हार्नेसला जोडलेलं असेल. नवख्या माणसाला तर वरून बिलेच. दोर सतत हलका ताणलेला असला की घसरला तरी जागच्या जागी लटकतो. हे त्याला एकदा खाली, पाच फुटांवर अनुभवू द्यायचं. कातळफूल यांच्या गाइडने नेमकं तेच केलं.

उतरताना जास्त जपावं लागतं. चढताना तोंड कातळाकडे असतं. रॅपलिंगला पाठ दरीकडे करून मागे झुकायचं असतं, आणि अख्खं शरीर सांगत असतं की झुकू नको. माणूस कड्याला चिकटून उभा राहतो, पायांचा कोन बिघडतो आणि पायच घसरतात. खुर्चीत बसल्यासारखं हार्नेसमध्ये बसा, पाय खांद्याइतके फाकवा, तळवे कातळावर सपाट. पहिली दोन पावलं अवघड, तिसऱ्यापासून दोरावर विश्वास बसतो. पण भित्र्या माणसाला नुसत्या डिसेंडरवर (दोरावरून उतरायच्या साधनावर) सोडायचं नाही, वरून दुसऱ्या दोराचा बिले द्यायचा. त्याने घाबरून ब्रेकचा (दोर आवळून धरणारा) हात सोडला तरी तो खाली जाणार नाही. हे त्याला आधी सांगायचं, लपवायचं नाही. "तुमच्याकडून चूक झाली तरी हा दुसरा दोर आहे" हे ऐकल्यावर माणूस चुका कमी करतो.

आणि एक कळकळीची विनंती सगळ्यांना. कातळावर अडकलेल्या माणसाला खालून पाच जणांनी एकाच वेळी सूचना देऊ नका. "डावा पाय वर", "अरे उजवा", "तिकडे खोबण आहे बघ". त्याला काहीच ऐकू येत नाही. बोलायचं एकानेच, आणि तेही छोटं.

---

माधवी_ठाणे

"ताई, टाच खाली सोडा" वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बाबतीत कलावंतिणीच्या सुळक्याच्या पायऱ्यांवर नेमकं उलट झालं होतं. बरोबरचे सगळे "काही होत नाही, चल, चल" करत होते आणि माझा पाय तसाच उडत होता. मला वाटायचं हा मनाचा कमकुवतपणा आहे. पिंढरी दमल्यामुळेही होतं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी ट्रेकिंग सोडलं नसतं.

---

डॉ_निळकंठ

माधवीताई, परत सुरू करा. पाय उडणं हे थकलेल्या, ताणलेल्या स्नायूचंही लक्षण असतं आणि त्यात भीतीने सुटलेलं ॲड्रेनालिन भर घालतं. टाच खाली आणली की भार हाडांच्या रेषेत येतो आणि स्नायू सुटतो. हातांचंही तसंच. कोपरं वाकवून कातळाला मिठी मारली की पुढचे हात लगेच भरून येतात. हात सरळ, वजन पायांवर.

एक फरक मात्र ध्यानात घ्या. उंचीची भीती वेगळी आणि खरोखरची चक्कर वेगळी. सपाट जमिनीवरही मान वळवल्यावर घर फिरत असेल, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असून उभं राहताना अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि गाइडला खरं सांगा. दमा, फिट्स, मधुमेह, सगळं. मधुमेह असलेल्याची साखर खाली गेली तर हात कापतात, घाम फुटतो, आणि बरोबरच्यांना वाटतं घाबरलाय.

---

वैशाली_स

नमस्कार. सदस्य नव्हते, या धाग्यासाठी झाले.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलंय तर माझ्या बाजूनेही लिहिते. मला खाली पडायची भीती कमी वाटते. माझ्यामुळे बाकीच्यांचा दिवस वाया जाईल याची जास्त वाटते. नेढ्याखाली बसले होते तेव्हा दरीपेक्षा वरून येणाऱ्या हाका जड होत्या, "अगं ये ना!" प्रेमाने मारलेल्या, पण प्रत्येक हाकेबरोबर मी कुणाचा तरी खोळंबा करतेय असं वाटत होतं.

लिंगाण्याला हे ओझं नव्हतं. मोहरीतच रात्री जेवताना दादांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, की परत फिरायच्या जागा तीन आहेत: नाळेच्या तोंडाशी, खिंडीत आणि गुहेत. या तीन ठिकाणी कुणीही फिरलं तरी बाकीच्यांचा कार्यक्रम बदलत नाही. मधल्या टप्प्यांवर मात्र फिरायचं नाही, तिथे अडचण आली तर सांगायचं, आम्ही दोरावर घेऊन पुढच्या किंवा मागच्या जागी नेऊ. म्हणजे मला अख्खा लिंगाणा करायचा नव्हता, पुढच्या जागेपर्यंत जायचं होतं. खिंडीत मी स्वतःला विचारलं, गुहेपर्यंत? हो. गुहेत विचारलं, माथ्यापर्यंत? नाही. तिथे मी थकले नव्हते, पाय कापत नव्हते. पण आडव्या टप्प्यापासून सतत लक्ष देऊन देऊन डोकं भरून गेलं होतं. वर गेले असते तर उतरताना "लागली" म्हणताना खरंच लागलीय का हे मी बघितलं असतं का, याची मला खात्री नव्हती. म्हणून थांबले.

गुहेतला वेळ रिकामा गेला नाही. माझ्यासोबत थांबलेल्या मुलाने मला फिगर ऑफ एटची गाठ, क्लोव्ह हिच आणि प्रुसिक शिकवलं. टाक्याच्या काठावर बसून मी त्या डोळे मिटून बांधायला लागले. उतरताना डिसेंडरमध्ये दोर मी स्वतः ओवला. त्याने तपासला, पण ओवला मी.

---

रॉकस्टार_नगर

चांगला अनुभव. पण खरं सांगायचं तर गुहेपर्यंत म्हणजे लिंगाणा झाला नाही. माथा तो माथा. असं सगळेच अर्ध्यातून फिरून "केला" म्हणायला लागले तर कसं व्हायचं?

---

वैशाली_स

मी कुठेही "लिंगाणा केला" म्हटलेलं नाही. गुहेपर्यंत गेले आणि सुखरूप खाली आले, एवढंच लिहिलंय. माथ्यावर जायचंय अजून.

---

दोरखंड

रॉकस्टार, माथा हा अर्धा रस्ता. दुसरा अर्धा उतरायचा असतो, आणि अपघात मोठ्या प्रमाणात उतरतानाच होतात, कारण तोवर अंग दमलेलं असतं आणि मनाने माणूस घरी पोचलेला असतो. उतरण्यापुरतं लक्ष शिल्लक आहे का हे ज्याला स्वतःला कळतं, त्याला मी कधीही माझ्या दोरावर घेईन. वैशालीताईंनी गुहेत जो हिशोब केला तो अनुभवी लोकसुद्धा पुष्कळदा करत नाहीत.

---

महाडचा_सुभाष

कोकणच्या बाजूने लिहितो. लिंगाण्याच्या पायथ्याला आमच्या बाजूला पाने गाव आहे, तिथून सुळका बघितला की वरची माणसं मुंगीएवढी दिसतात. पण आवाज स्पष्ट येतो. शनिवार-रविवारी वरून स्पीकरची गाणीसुद्धा ऐकू येतात. कृपा करून हे करू नका. कड्यांना आग्या मोहोळं असतात. आवाज, धूर, अंगाला मारलेले सेंट, यांनी माश्या उठतात, आणि दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. भीतीचं इतकं बोलणं चाललंय म्हणून सांगतो, मोहोळाला भ्यायलाच हवं.

दुसरं, मोहरी काय किंवा आमचं गाव काय, गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याचे ठरलेले पैसे द्या. दोराचं तंत्र शहरातला गाइड जाणतो, पण नाळेतला कुठला धोंडा या पावसात हलला हे गावकऱ्यालाच माहीत असतं.

---

कातळफूल

सुभाषदादा, मनापासून धन्यवाद. आमच्यासोबत मोहरीतले एक मामा नाळेच्या तोंडापर्यंत आले होते. अंधारात त्यांच्याच मागून चाललो. त्यांनी दोन ठिकाणी नेहमीची वाट सोडून वळसा घ्यायला लावला.

---

अक्षय_डोंबिवली

माझा मित्र असाच आहे. चालायला वाघ, पण उंचीला घाबरतो. लगेच लिंगाणा नको, हे आबांचं म्हणणं मला पटतंय. मुंबईच्या बाजूने सुरुवात कुठून करावी? हरिहर किल्ला करू का आधी? तो सोपा म्हणतात.

---

भोरकर_आबा

अक्षय, हरिहर सोपा म्हणतात ते खोबणींमुळे. पण त्या पायऱ्या अंगावर येतात आणि सुट्टीच्या दिवशी चढणारे-उतरणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात. घाबरणाऱ्या माणसाला तिथे दोर नाही, बिले नाही, थांबायला जागा नाही. माझ्या मते दोर असलेली अवघड जागा त्याला जास्त मानवेल. आधी मुंब्र्याच्या कातळांवर एखाद्या क्लबसोबत जा. तिथे दिवसभर चढा-उतरायला मिळतं, आणि नको वाटलं तर पाच मिनिटांत खाली जमिनीवर.

(वर मी वर्षभर म्हणालो होतो. तेवढं लागेलच असं नाही. दोरखंड आणि वैशालीताईंचं वाचून एवढं मान्य करतो.)

---

दोरखंड

आबांशी सहमत. मुंब्रा, किंवा कान्हेरीच्या परिसरातले कातळ. मुंबईतल्या गिर्यारोहकांच्या पिढ्या तिथे घडल्यात. त्यानंतर तैलबैला, म्हणजे शेजारीशेजारी उभ्या दोन कातळभिंती, मला आवडतो. गावातून चालत खिंडीत पोचलं की दोन्ही भिंतींच्या मधे देवाची जागा आहे, पाणी आहे, सावली आहे. खिंडीतच अख्खा दिवस बसून दुसऱ्यांना चढताना बघता येतं आणि मन झालं तर दोराला लागता येतं. ज्याला थांबायचंय त्याला थांबायला चांगली जागा असणं, घाबरणाऱ्यासाठी सुळका निवडताना मी हे सगळ्यात आधी बघतो. मनमाडची हडबीची शेंडी हा सुळका चढायला छोटी आहे, पण वरची जागा चिंचोळी. खंडाळ्याच्या ड्यूक्स नोजचं रॅपलिंग लांब आहे, पहिल्यांदाच तिथे लटकवू नका. वानरलिंगीचा सुळका तर खूप नंतर.

आणि क्लब निवडताना संकोच करू नका. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनासाठी धोरण आणलंय, त्यात आयोजकांची नोंदणी आहे. नोंदणी आहे का विचारा. मुख्य गाइडने उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगसारख्या संस्थेतून कोर्स केलाय का विचारा. दोर किती जुना आहे, हेल्मेट गिर्यारोहणाचं आहे की बांधकामावरचं, हे डोळ्यांनी बघा. चिडला तर तो गाइड तुमच्या कामाचा नाही.

---

माधवी_ठाणे

अक्षय, मुंब्र्याला जाणार असाल तर मला कळवा. मीही येते. खरंच.

---

अक्षय_डोंबिवली

माधवीताई, नक्की. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. कातळफूल, तुमच्या गाइडचा नंबर मिळेल का? आणि सरावाच्या सकाळचे त्याने वेगळे पैसे घेतले का?

---

कातळफूल

नंबर इथे जाहीर टाकत नाही, व्यनि केलाय. सरावाचे पैसे वेगळे होते, आणि चौघांना तीन गाइड म्हटल्यावर माणशी खर्च बसच्या ट्रेकपेक्षा पुष्कळ जास्त येतो. ते आधीच धरून चाला. फोनवर मित्राला स्वतः बोलू दे, तू त्याच्या वतीने बोलू नकोस. गाइड त्याला विचारेल ते तुला सांगता येणार नाही. लिंगाण्याचं ठरवायचं असेल तर फेब्रुवारीच्या आत उरका. त्यानंतर कातळ तापतो, वरच्या टाक्यांतल्या पाण्याचाही भरवसा नाही, आणि दुपारची नाळ फार जड जाते. मुंब्रा मात्र येत्या रविवारीही होईल.